खंडेनवमी आणि प्लास्टिकची तलवार

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर काय काय मांडतात ते घरच्यांना ठाऊक आहेच. ह्यांचे पाने-पक्कड, अडकित्ता, माझी कात्री, शिवणयंत्र (ते काही पाटावर मावत नाही, त्याला जागेवरच हळदकुंकू), विळी, आणि सासऱ्यांची एक गंजकी गुप्ती, जी वर्षातून एकदाच कपाटाबाहेर येते. नात पुण्याहून आली होती. आठ वर्षांची. मी फुलं आणायला परसात गेले आणि परत येते तो पाटाच्या मधोमध, गुप्तीच्याही वर, एक निळ्या प्लास्टिकची नळी!

"हे काय गं?"

"लाइटसेबर. शस्त्र आहे."

मी काही बोलणार तेवढ्यात ह्यांनी त्या नळीला कुंकवाचं बोट लावलंसुद्धा. वर झेंडूचं फूल. आजोबांपुढे आमचं कधी काही चाललंय का? असो.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा आली तेव्हा मी म्हटलं, ज्याची पूजा केली ते आहे तरी काय, ते बघू दे मला एकदा. आणि मग मंडळी, सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमात बी.ए. झालेल्या ह्या बाईने एका आठवड्यात 'स्टार वॉर्स'चे सिनेमे ओळीने पाहिले. इंग्रजी उच्चार डोक्यावरून जायचे, म्हणून खाली अक्षरं लावून. अक्षरं वाचेपर्यंत माणूस मेलेला असायचा, मग नात मागे नेऊन पुन्हा दाखवायची. यानं, लढाया वगैरे मला फारसं कळलं नाही. कोण कुणाचा बाप हे मात्र बरोबर कळलं. आणि एका गोष्टीत मी पुरती अडकले: त्या जेडाय लोकांचं आणि त्यांच्या तलवारीचं नातं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जेडाय म्हणजे एक पंथ आहे. आपल्याकडचा आखाडा आणि मठ एकत्र केला तर जे होईल तसं काहीसं. लहानपणीच मुलं आणून शिकवायची, लग्न नाही, आसक्ती नाही, मालमत्ता नाही. अंगावर एक झगा आणि कमरेला एक मूठ. बटण दाबलं की त्या मुठीतून प्रकाशाचं पातं निघतं, तेच लाइटसेबर. बाकी जग बंदुका घेऊन फिरतं आणि हे लोक तलवार. पहिल्याच सिनेमात, १९७७ सालच्या, म्हातारा ओबी-वान पोरसवदा ल्यूकला पेटीतून एक मूठ काढून देतो. ही तुझ्या वडिलांची, असं सांगून. ल्यूक ती पेटवतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो प्रसंग पाहताना मला सासऱ्यांची गुप्ती आठवली. ती ह्यांच्या हातात कुणी अशी दिली नव्हती, सासरे गेल्यावर ट्रंकेत सापडली. हातात हात देऊन मिळालेली वस्तू आणि ट्रंकेत सापडलेली वस्तू ह्यांत फरक असतो. ह्यांना विचारून बघा, सांगणार नाहीत, पण असतो.

गंमत अशी की पंथाची खरी रीत वारशाची नाहीच. दुसऱ्या सिनेमात (१९८०) ल्यूकचा हात तुटतो, आणि हातासकट ती वडिलांची तलवार खोल कुठेतरी पडून जाते. तिसऱ्यात (१९८३) तो येतो तो स्वतः बनवलेली हिरवी तलवार घेऊन. त्याचा बाप, काळा मुखवटावाला डार्थ व्हेडर, ती हातात घेतो, पेटवून पाहतो आणि म्हणतो की आता तुझं शिक्षण पुरं झालं. मुलगा समोर बेड्या घालून उभा आहे आणि बाप शत्रूच्या बाजूला आहे, तरी त्याला ती मूठ निरखून बघितल्याशिवाय राहवत नाही. मी नातीला तो तुकडा तीनदा लावायला लावला. परीक्षक वही तपासतो ना, तशी ती नजर आहे.

(तलवार हिरवी का, तर पाठीमागे वाळवंटाचं निळं आभाळ होतं, त्यात निळं पातं दिसेना. हे मला नंतर मुलाने सांगितलं. आणि एका जेडायची जांभळी आहे, ती का, तर सॅम्युअल जॅक्सन ह्या नटाने दिग्दर्शकाकडे मागून घेतली, गर्दीच्या लढाईत आपण ओळखू यावं म्हणून! आमच्या स्नेहसंमेलनात शिपायाचं काम मिळालेला मुलगा असाच लाल फेटा मागायचा.)

ही मूठ बनवायची कशी, ते सिनेमात दाखवत नाहीत. ते 'क्लोन वॉर्स' नावाच्या कार्टून मालिकेत आहे, २०१२ सालच्या भागांत. हे भाग मला सिनेमांपेक्षा जास्त आवडले, कारण त्यात शाळा आहे. सहा मुलं इलम नावाच्या बर्फाळ ग्रहावर नेतात. तिथल्या गुहेत कायबर नावाचे स्फटिक असतात. गुहेचं तोंड बर्फाचं. उन्हाने वितळून ते उघडतं आणि ऊन कललं की पुन्हा गोठायला लागतं. तेवढ्या वेळात आत जायचं आणि आपला स्फटिक आणायचा. आपला म्हणजे आपलाच. दुसऱ्याचा डोळ्यांसमोर असला तरी तो आपल्याला दिसत नाही.

आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी! हे लिहिणारा माणूस कधीतरी वर्गावर उभा राहिला असला पाहिजे. एका मुलीला उंचीची भीती, तिचा स्फटिक कड्यावर. एका मुलाचा सगळा भरवसा हातातल्या यंत्रावर, त्याला ते टाकून द्यावं लागतं. गुंगी नावाचा केसाळ पोरगा उतावळा. त्याचा स्फटिक तळ्यापलीकडे, आणि त्याला पोहता येत नाही. करायचं काय, तर बसून राहायचं, तळं गोठेपर्यंत. बस्स. एवढीच परीक्षा. पस्तीस वर्षं मी सगळ्या मुलांना एकच प्रश्नपत्रिका दिली. साठ मुलांच्या वर्गात दुसरं करणार तरी काय, हे खरं, पण टीव्हीसमोर बसून मला उगीच अपराधी वाटलं.

पुढच्या भागात मूठ जुळवणं. तिथे ह्युयांग नावाचा एक जुनापुराणा यंत्रमानव मास्तर आहे. हजारो वर्षं हेच शिकवतोय. त्याच्याकडे खणांचे खण भरून सुटे भाग. तो मुलांना विचारतो, तुला कशाची मूठ हवी? धातूची? कशी? गुंगीला तो लाकडाची देतो. आणि एका मुलीचे भाग काही केल्या जुळत नाहीत. हिची तलवार काही पेटत नाही. तिचा तो चेहरा! मास्तर रागावत नाही. भाग संपतो तरी तिचं जमलेलं नसतं. पुढे दोन भाग गेल्यावर, भलत्याच संकटात, भलत्याच ठिकाणी तिला ते जमतं. मास्तर तिथे नसतो. हे फार खरं वाटलं मला. आपण ज्यांची आशा सोडलेली असते त्यांचं जमतं ते आपल्या पाठीमागे, आणि ते आपल्याला कुणीतरी तिसराच सांगतो.

रंगांचंही एक शास्त्र आहे. दुष्ट पक्षाच्या तलवारी लाल. मला वाटलं, खलनायक म्हणून लाल, आपल्या नाटकात असतो तसा प्रकाश. पण नाही. आता जी कथा प्रमाण मानतात तिच्यात लाल स्फटिक मुळात नसतोच. दुष्ट माणूस दुसऱ्याकडून हिसकावलेल्या स्फटिकात आपला राग आणि वेदना ओततो, इतकी की स्फटिकातून जणू रक्त फुटतं. असोका नावाची एक आहे, तिने अशा दोन लाल स्फटिकांना पुन्हा बरं केलं, तर ते मूळ रंगावर न येता पांढरे झाले. २०१६ च्या एका कादंबरीत ते आलंय. पांढरे झाले! विधवेच्या पातळासारखे, असं माझ्या मनात आलं आणि मी ते नातीला सांगितलं नाही.

आणि हाच कायबर स्फटिक त्या साम्राज्याने ग्रह फोडणाऱ्या महाअस्त्रासाठी वापरला. 'रोग वन' (२०१६) मध्ये आहे. ज्या इलमच्या गुहेत मुलं एकेक स्फटिक शोधायला जायची, तो अख्खा ग्रह खणून शेवटी त्याचंच एक अस्त्र केलं. एकेकाने आपलं शोधून आणायचं ते संपलं, खाण सुरू झाली.

एक राक्षस आहे, जनरल ग्रीव्हस. तो मारलेल्या जेडायांच्या तलवारी झग्याच्या आत अडकवून फिरतो, आणि चार हातांत चार घेऊन लढतो. नात म्हणाली, "आजी, त्याची स्वतःची एक पण नाही." मुलं नेमकं बघतात. आणखी एक काळी तलवार आहे, मँडलोरियन नावाच्या लढवय्यांची. तिचा नियम उलटा. ती कुणी देऊन घ्यायची नाही, लढून जिंकली तरच तुमची. २०२० च्या भागात तो शिरस्त्राणवाला साधा माणूस ती बाईपुढे धरतो, घे बाई, मला नको. आणि ती घेत नाही! नात टीव्हीवर ओरडली, "अगं देतोय तर घे ना!" पुढे २०२३ च्या भागात ती तलवार एकाने चुरगाळून टाकली, आणि तरी त्या लोकांचं काही अडलं नाही.

ह्या सगळ्याचं मूळ जपानात आहे म्हणतात. जॉर्ज लुकासने कुरोसावाच्या 'हिडन फोर्ट्रेस' (१९५८) ह्या सिनेमावरून बरंच घेतलं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. सामुराई कमरेला दोन तलवारी लावायचा, एक लांब, एक आखूड. दुसऱ्याच्या घरी गेला की लांब तलवार दाराशी काढून ठेवायची. १८७६ साली सरकारने हुकूम काढला की सैन्य-पोलीस वगैरे सोडून कुणी तलवार लावून फिरायचं नाही. त्या दिवशी किती माणसांचा हात सवयीने कमरेकडे गेला असेल आणि रिकामा परत आला असेल... इतिहास शिकवताना मी मैजी क्रांती चार ओळींत उरकत असे. हात कमरेकडे जाण्याचं पुस्तकात नव्हतं.

जेडायांतही पोरगा शिष्य असेतो त्याची एक बारीक वेणी कानामागे लोंबते. दीक्षा पुरी झाली की गुरू ती लाइटसेबरने कापतात. २००३ पासूनच्या छोट्या कार्टून मालिकेत ते दाखवलंय. अंधाऱ्या दालनात भोवती सगळ्यांच्या तलवारी पेटलेल्या. आमचे हे म्हणाले, "म्हणजे सोडमुंजच की."

आता ह्या सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे ती पहिली, आद्य मूठ कशाची बनली होती ते. लंडनच्या एका फोटोच्या सामानाच्या दुकानात रॉजर ख्रिश्चन नावाच्या सजावटकाराला जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे दांडे सापडले. पैसे बेताचे. त्याने दांड्यावर रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, झाली तलवार! त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला पुढे ऑस्कर मिळालं, त्यात हाही होता. आणि तो घूंऽऽऽ आवाज? बेन बर्ट ह्या ध्वनिकाराने सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या काचनळीची गुणगुण एकत्र केली. शाळेत वर्षातून एकदा प्रोजेक्टर यायचा तेव्हा अंधारात मुलं चित्र बघायची आणि मी मागे त्या घरघरीपाशी उभी असायचे. म्हणजे लाइटसेबरचा आवाज मी १९७७ च्या आधी ऐकलाय, असं म्हणायला हरकत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

ह्या मे महिन्यात नात आली ती एक प्लॅन घेऊन. दुकानातली प्लास्टिकची नको, स्वतःची मूठ बनवायची. नळाच्या पाइपाचा तुकडा, सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ, दोन वॉशर, चांदीरंगाची चिकटपट्टी. हे तर तिच्याहून उत्साहात. करवत घेऊन ओसरीवर बसले. तेवढ्यात तिने विचारलं, "आजी, खंडेनवमीला सगळ्यांचं शस्त्र होतं. आजोबांचं, माझं. तुझं कोणतं?"

मी म्हटलं कात्री. "कात्री काय शस्त्र आहे? तू शाळेत काय वापरायचीस?"

मुलांना हे कोण शिकवतं कुणास ठाऊक.

माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी फूटपट्टी आहे. शिसवी रंगाची, एका कडेला पितळी पत्ती बसवलेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली, निवृत्त झाल्यावर घरी आणली. समास आखायला, फळ्यावर रेघ मारायला, नकाशावर दाखवायला. आणि मारायला. काही सहकारी छडी वापरत, मी फूटपट्टी, आणि मला त्यातल्या त्यात आपण सौम्य आहोत असं वाटायचं. आता २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारायला बंदी आहे. तेव्हा पालकच सांगून जायचे, बाई, चांगला बडवा त्याला.

पाचवीत एक मुलगा होता. डावखुरा. त्या वेळी डाव्या हाताने लिहू द्यायचं नाही अशी पद्धतच होती. मला ती पद्धत कुणी शिकवली नव्हती, मी लहानपणी वर्गात पाहिली होती एवढंच. म्हणजे तीही ट्रंकेत सापडलेलीच. त्याने डाव्या हातात पेन धरलं की मी फूटपट्टीच्या कडेने त्याच्या बोटांच्या पेरांवर मारायचे. पितळी पत्ती असलेल्या कडेने. रागाने नाही, हे मी आजही सांगेन. शांतपणे, रोज. दिवाळीपर्यंत तो उजव्या हाताने लिहायला लागला. अक्षर वाकडंतिकडं, पण उजव्या हाताचं. मी शिक्षकांच्या खोलीत ते कौतुकाने सांगितलं होतं. त्या वर्षानंतर तो वर्गात हात वर करायचा बंद झाला, हेही मला तेव्हा दिसत होतं, पण मी त्याचा आणि ह्याचा संबंध जोडला नाही.

पुढे खूप वर्षांनी एका बँकेत तो मला भेटला. मोठा बाप्या झालेला, बरोबर बायको. "बाई, ओळखलंत का?" म्हणून वाकून नमस्कार केला. मग खिडकीपाशी सही करायला वळला. उजव्या हाताने केली. सही करताना डाव्या हाताची मूठ घट्ट वळलेली होती, अंगठा आत. मी ते बघितलं. तोंडापर्यंत शब्द आले होते. तेवढ्यात माझा टोकन नंबर पुकारला, आणि मी गेले.

नात डावखुरी आहे. सिनेमातले बहुतेक उजवे, पण ही लाइटसेबर डाव्या हातातच धरते आणि त्यामुळे ह्यांचा वार तिला लागत नाही म्हणते. तिच्या शाळेत कुणी तिला काही बोलत नाही.

ल्यूकचं शेवटचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या सिनेमात सम्राटापुढे बाप-लेकाची लढाई होते. ल्यूक रागाने भान हरपून बापाचा हात तोडतो, आणि मग त्या तुटलेल्या यांत्रिक हाताकडे बघतो, स्वतःच्या हाताकडे बघतो. तोही यांत्रिक. आणि स्वतः घडवलेली ती तलवार फेकून देतो. समोर शत्रू उभा असताना. आणि २०१९ च्या सिनेमात रे ही मुलगी ल्यूकची आणि त्याच्या बहिणीची, दोघांच्या तलवारी कापडात गुंडाळून वाळूत पुरते. ज्या घरापासून गोष्ट सुरू झाली त्याच घराच्या दाराशी. मग स्वतःची काढते, पिवळी.

मला दोन्ही जमण्यासारखं नाही. फूटपट्टी फेकली तर हे उचलून आणतील, चांगलं लाकूड आहे म्हणून.

तर मी तो खण उघडला आणि पट्टी तिच्या हातात दिली. म्हटलं, हे माझं. आणि तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. नाव न सांगता, बाकी सगळी. पितळी पत्तीसकट. ह्यांनी करवत थांबवली. एवढ्या वर्षांत मी त्यांनाही हे सांगितलं नव्हतं.

नातीने पत्तीवरून बोट फिरवून पाहिलं.

"मग बँकेत तू त्याला सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"का?"

"नंबर आला माझा."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पाइप आडवा धरून, डाव्या हातात पेन्सिल घेऊन तिने पट्टी लावली आणि खूण केली. "अठ्ठावीस सेंटिमीटर," ती ह्यांना म्हणाली, "आजोबा, इथे कापा."